आईच्या कॅसेटवर माझी चार मिनिटं

म्हसावदच्या स्टँडवर शहाद्याची एसटी सुटायला दहा मिनिटं होती आणि आई मला सोडून सगळ्यांशी बोलत होती. कंडक्टरला माझी बॅग नीट ठेवायला सांग, शेजारच्या सीटवरच्या बाईला मी नर्स आहे, मस्कतला निघालेय, हे तिसऱ्यांदा ऐकव. माझ्याकडे बघायचं मात्र टाळत होती. वडील मी शाळेत असतानाच गेले होते, घरात ती आणि धाकटा भाऊ रमेश. बस हलली तशी ती खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "कागद लिखशी ते माले कोन वाची दाखाडी? बोलीसन धाडजो." तिला वाचता येत नव्हतं. रमेश वाचून दाखवायचा, पण त्याला मधल्या ओळी गाळायची खोड होती आणि आईला ते बरोबर कळायचं.

म्हणून आमची पत्रं कॅसेटवर चालली. तुमच्यातले जे त्या काळात आखातात होते, त्यांना हे नवीन नाही. आमच्या घरची तऱ्हा तेवढी वेगळी होती. आमच्याकडे शेजारून वाटीभर भाजी आली तर वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नसेल तर निदान गुळाचा खडा घालतात. आईने कॅसेटलाही तोच नियम लावला. ती बोलून पाठवायची, मी ऐकायचं आणि त्याच कॅसेटवर माझं बोलणं भरून परत करायचं. मग ती तिचं भरणार. नवी कॅसेट घेणं तिला उधळपट्टी वाटायची. एकाचं भरलं की दुसऱ्याचं पुसलं जातं, हे आम्हाला दोघींना ठाऊक होतं. पण वाटीतली भाजी खाऊन संपते, तसंच ते आम्हाला वाटायचं. अशा तीन कॅसेटी वर्षानुवर्षं समुद्र ओलांडत राहिल्या.

पहिल्या रजेला मी घरी डेक नेला. साधा टेपरेकॉर्डर चालला असता. पण घर सोडून गेलेल्या माणसाला भारीतली वस्तू नेल्याशिवाय तोंड दाखवता येत नाही. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, पुढे जड चंदेरी बटणं, माइक लावायची सोय आणि आवाजाबरोबर हलणारे दोन काटे. बॅगेतले माझे कपडे काढून मी त्याला जागा केली. रमेशने रेकॉर्डच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. आई गाण्यांसाठी त्याला कधी हात लावत नसे. माइक हातात धरून ती त्या काट्यांकडे बघत बोलायची. "मी बोलस ते काटा हालस," ती रमेशला सांगायची, "म्हंजे तिले आयकू जाई."

आई जाऊन आता वीसच्या वर वर्षं झाली. मी निवृत्त होऊन पुण्याला फ्लॅट घेतला. सगळं आहे, पण आईचा आवाज मला आठवेनासा झाला. शब्द आठवतात, चेहरा आठवतो, आवाज नाही. रोज थोडा थोडा गेला असेल, मला कळलं एकदमच. त्या दिवशी मी रमेशला फोन केला आणि कॅसेटींचं विचारलं. तो म्हणाला की दोन कॅसेटींची फीत त्याने ज्वारीवर बांधली होती. आमच्याकडे पाखरं हाकलायला शेतावर फीत ताणतात, वाऱ्याने ती चकाकते आणि फडफडते. मी त्याच्यावर ओरडले. नंतर वाटलं, मी तिकडे बसून काय जपलं होतं?

एक कॅसेट उरली होती. डेक माळ्यावर, आईच्या लुगड्यात गुंडाळलेला. मी दोन्ही घेऊन शहाद्याला हिरामण आप्पांकडे गेले. आप्पा पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता डोळ्यांमुळे बंद केलंय. त्यांनी झाकण उघडलं. आतले रबरी पट्टे वितळून डांबर झाले होते, चाकांना चिकटले होते. ग्रीस सुकून खडूसारखं झालेलं. आप्पांनी सगळीकडे बोट फिरवलं आणि म्हणाले, "मरेल नई शे. आखडी जायेल शे." मेलेला नाही, नुसता आखडलाय.

मी दोन आठवडे म्हसावदला राहिले आणि रोज त्यांच्याकडे जात राहिले. ते सांगायचे, हात माझे. कापूस आणि स्पिरिट घेऊन मी एकेक चाक पुसलं. आयुष्यभर इंजेक्शनच्या आधी जे केलं तेच. ज्या हेडवरून फीत घासत जाते त्यावरचा काळा थर काढला. पट्टे पुण्याहून मागवले, ते एकदा चुकीच्या मापाचे आले, पुन्हा मागवले. फुगलेले कपॅसिटर आप्पांनी स्वतः बदलले, त्याला मी काही हात लावू शकले नाही. शेवटी गाण्याची एक जुनी कॅसेट लावून, बारीक स्क्रू केसभर फिरवत, त्यांनी हेड सरळ केलं. घोगरा आवाज एकदम स्वच्छ झाला. काटे हलले. मला रडू आलं, आप्पांनी चहा मागवला.

आमची कॅसेट लावायला आम्ही डेक घरी नेला. रमेश बसला होता. बटण दाबलं आणि माझाच आवाज आला. "आई, मी मजेत आहे. इथे ड्युटी खूप असते. एक मैत्रीण आज मुंबईला निघालीय, तिच्याबरोबर कॅसेट पाठवते." शाळेतली, पुस्तकी मराठी. होस्टेलच्या खोलीत दुसऱ्या मुली असायच्या, त्यांच्यापुढे मला अहिराणी बोलायची लाज वाटायची. चार मिनिटं मी बोलले होते, घाईघाईने. वाटी रिकामी जाऊ नये एवढंच.

मग खट्ट असा आवाज आला आणि आई बोलू लागली. मी कमी बोलले म्हणून ती उरली होती. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, म्हैस व्याली, पारडी झाली. हे मी ऐकलेलं होतं. तो आवाज! जरासा नाकातला, वाक्याच्या शेवटी चढणारा. मी रमेशचा हात धरला. आणि मग पुढे जे आलं ते मी कधीच ऐकलेलं नव्हतं. मैत्रीण निघायच्या घाईत होती, मी दहा मिनिटं ऐकून कॅसेट सुरुवातीला नेली होती आणि उरलेलं पुढच्या रजेत तिच्याच तोंडून ऐकू म्हटलं होतं.

आई म्हणत होती, "सुमन, हाई कॅसेट परत धाडू नको. भांडं रिकामं धाडू नई ते मीच सांगेल शे, पन हाई तठेच ऱ्हाऊ दे, तुन्हा जोडे. मी जनमभर ऱ्हासू का? मन्हा आवाज ऱ्हाई तुन्हा जोडे."

ही परत पाठवू नकोस, तुझ्याजवळ ठेव. एवढं एकच तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलं. आणि मी तिला ती कॅसेट परत पाठवली होती, तिच्याच बोलण्यावर माझी चार मिनिटं चढवून.

रमेशने डेक बंद केला. "मायनी आयकेल व्हती," तो खाली बघत म्हणाला. कॅसेट आली त्या दिवशी तिने माझं बोलणं ऐकलं आणि मग पुढे स्वतःचंही ऐकलं. मी शेवटपर्यंत ऐकलं नाही, हे तिला त्याच दिवशी कळलं. "तिले येळ नई भेटना व्हई," एवढंच म्हणाली आणि माइक गुंडाळून ठेवला. त्यानंतर तिने कॅसेट पाठवली नाही. मी समजत होते, शेजारी फोन आला म्हणून. त्यानंतर ती चार वर्षं जगली. दोनदा मी रजेवर आले, महिना महिना राहिले, ती माझ्या आवडीचं रांधत राहिली. त्याबद्दल एका शब्दाने बोलली नाही.

आप्पांनी दुसऱ्या दिवशी कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन तुकडे पेचकसाने मोडून टाकले. आता तिच्यावर कोणाला काही भरता येणार नाही. माझा मुलगा म्हणतो, कॉम्प्युटरवर घेऊन ठेवू. घेईल तो. मी डेक पुण्याला नेला नाही. म्हसावदलाच ठेवलाय. घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी इतकी वर्षं पटकन मस्कत म्हणत आले, मग पुणे. आता माझं घर म्हणजे ती खोली, जिथे आई बोलते आणि मला उठून कुठे जायचं नसतं. दर दोन महिन्यांनी जाते. दार लावून बसते, पहिली चार मिनिटं पुढे सरकवते आणि शेवटपर्यंत ऐकते. फीत थांबली की काटे खाली पडतात, मग मी ऐकल्याची पोच देते, आमच्या बोलीत, मोठ्याने.

"माय वं, आयकं मी. आते आयकं."