वाळूत झिजलेली कडी

१२ एप्रिल १९६४, रविवार. ऊन तापायच्या आत पैनगंगेतल्या वाळूच्या बेटावरची फुटकी अंडी मोजायची होती. आदल्या संध्याकाळी म्हशींचा कळप बेटावरून पलीकडे गेला होता, त्यामुळे काम वाढलं होतं. टरफल उचलायचं, आत पिल्लू धरलं होतं का ते पाहायचं, घरट्याजवळच्या खुंटीचा क्रमांक वहीत शोधायचा आणि त्यापुढे ‘म्हशी’ असं लिहायचं. इतर दिवशी त्या जागी कावळे, कोल्हा, कुत्री, गारा असे शब्द येत. ‘उडालं’ हा शब्द क्वचित.

ही घरटी नदी सुरयांची. काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय, दुभंगलेलं शेपूट. उघड्या वाळूत पायानं खळगा करायचा आणि त्यात अंडी घालायची, यापलीकडे हा पक्षी घर म्हणून काही करत नाही. दुपारी वाळूवर पाय ठेववत नाही तेव्हा तो पोट भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो. एवढं करून बहुतेकांच्या हाती काही लागत नाही. आठ वर्षं मी हेच पाहत होते.

काम माझ्याकडे १९५६ साली आलं. उमरखेडपासून बैलगाडीनं दीड तासावरच्या नदीकाठच्या गावात मी मुलींच्या शाळेवर होते. नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे सर त्या उन्हाळ्यात आले. समुद्राकाठच्या सुरयांवर बाहेरच्या देशांत वर्षानुवर्षं काम चालतं, म्हणाले. एकेक पक्षी किती जगतो, म्हातारपणी त्याची किती पिल्लं उडतात, सगळं लिहिलं जातं. आपल्या नदीच्या पक्ष्याचं कोणी काही लिहिलेलं नाही. त्यांना इथलंच माणूस हवं होतं, लिहितं-वाचतं, बदली न होणारं. मी विधवा, शाळा गावच्या संस्थेची, आणि मला चिकाटी आहे असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पद्धत साधी. पक्षी धरायचा, पायात क्रमांकाची ॲल्युमिनियमची कडी घालायची, सोडायचा. पुढच्या वर्षी कोणत्या कड्या परत आल्या ते पाहायचं. लागोपाठ दोन वर्षं कडी दिसली नाही तर त्या क्रमांकापुढे ‘मेला’ लिहायचं. बिनकडीचा पक्षी घरट्यावर सापडला तर तो नवखा, पहिल्यांदाच अंडी घालणारा, असं धरायचं आणि त्याला नवी कडी घालायची.

धरण्याची युक्ती डांगरवाडीवाल्या मावशीची. नदी उतरली की ती आणि तिचा नवरा त्याच बेटावर टरबुजांचे आणि डांगरांचे वेल लावत. उंचवट्याचा तुकडा ती दरसाल पाखरांसाठी सोडून देई. कोंबड्या झाकायचं डालं घरट्यावर काडीनं तिरपं उभं करायचं, काडीला दोरी बांधायची आणि झोपडीच्या सावलीत बसून राहायचं. पक्षी अंड्यांवर येऊन बसला की दोरी ओढायची.

पहिल्या वर्षी ती मला म्हणाली, “पाखरायले वाळे घालता, बाई? बारसं बी करून टाका ना मंग.”

“बारसं नाही मावशी. कोण जगलं, कोण मेलं ते कळावं म्हणून.”

“हां. माह्ये तीन लेकरं गेले. त्यायचं कोणं लिवलं?”

उत्तराची वाट न पाहता ती वेलांना पाणी घालायला गेली.

पाच-सहा वर्षांत वहीतून एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. पहिल्या दोन वर्षांतल्या कड्या एकेक करून नाहीशा होत होत्या. सर दर मे महिन्यात येऊन आकडे उतरवून नेत. त्यांचा निष्कर्ष तयार होत आला होता: हा पक्षी फार जगत नाही, बहुतेक सहा वर्षांत संपतात. एकच गोष्ट त्यांना खटकत असे. ज्यांना आम्ही नवखे धरत होतो ते उंचवट्यावर, म्हशींच्या वाटेपासून दूर, नेमकी जागा पकडत आणि त्यांचीच पिल्लं त्यातल्या त्यात जास्त उडत. “नवखे इतके हुशार कसे, बाई?” असं ते दोनदा म्हणाले. मी म्हटलं, वहीत तसं आहे खरं.

१९६३च्या दिवाळीनंतर सरांना घशाचा कर्करोग निघाला. मार्चमध्ये पत्र आलं, अक्षर हललेलं. ‘यंदाचे आकडे आले की लेख पाठवून देतो. मग मी मोकळा.’ म्हणून त्या रविवारी मी फुटकी अंडीसुद्धा घाईनं मोजत होते. लेख त्यांच्या डोळ्यांदेखत जायला हवा होता आणि दिवस थोडे होते.

म्हशींनी उंचवटा सोडला होता. तिथं एका घरट्यावर उजव्या पायात कडी असलेला पक्षी होता; फक्त पहिल्या वर्षी कड्या उजव्या पायात घातल्या होत्या, तेव्हा त्या खेपेचा हा बहुधा शेवटचा. डालं लावलं, दोरी ओढली, पक्षी हातात घेतला. क्रमांक वाचता येईना. पाण्यानं आणि वाळूनं आकडे पुसले गेले होते, कडा कागदासारख्या पातळ झाल्या होत्या. बोटानं जरा फिरवली तशी कडी उघडली आणि माझ्या तळहातावर पडली. पक्षी उडून गेला. पायात आता काही नव्हतं. पुढच्या वर्षी मी त्याला नवखा म्हणून लिहिला असता.

मावशी दहा पावलांवर गंज, म्हणजे भाताचं उभं पातेलं, वाळूनं घासत बसली होती. तिनं हात पुढे केला, कडी घेतली, उन्हाकडे धरली.

“हे तं जर्मनचं हाय,” ती म्हणाली. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. तिनं हातातला गंज उलटा करून दाखवला. बुडाशी टाचणीएवढं छिद्र पडलं होतं. “वाळूनं घासू घासू माह्या गंजाले चार सालं पुरत नाही. पाखरू तं दिवसभर वाळूतच पाय घासते.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“बोलली नाही? वाकड्या बोटाच्या पाखराचं तुमाले तीन सालाआंधी सांगतलं. तेच हाय म्हटलं, तुमी म्हणे वही नाही म्हणते. आता वहीसंग म्या काय भांडू?”

ते खरं होतं. डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं असलेल्या एका पक्ष्याला मी १९५७ साली कडी घातली होती. पुढे तो दिसेनासा झाला, मी ‘मेला’ लिहिलं. १९६१ साली तसंच बोट असलेला एक बिनकडीचा पक्षी डाल्यात आला. मावशी म्हणाली, तेच पाखरू. मी म्हटलं, वाकडं बोट दोघांचं असू शकतं. त्याला नवी कडी घातली आणि वयाच्या रकान्यात ‘नवखा’ लिहिलं.

तिथं वाळूतच बसून मी वही मागून पुढे चाळली. माझ्या अक्षरातले सगळे ‘मेला’ पाहिले. त्यातले कोण मेले आणि कोणाची नुसती कडी गळली, ते सांगायला काही साधन नव्हतं. हुशार नवखे नवखे नव्हतेच. आठ वर्षांच्या वहीतून एवढंच सिद्ध होत होतं की वाळूत जर्मन झिजतं.

सोमवारची आणि मंगळवारची रजा टाकून मी नागपूरला गेले. पत्र लिहून भागलं असतं, पण पत्र त्यांच्यापर्यंत पोचू दिलं जाईल याची मला खात्री नव्हती. झालंही तसंच. वहिनींनी, सरांच्या पत्नीनं, दारातच सांगितलं, “आकडे द्या आणि चांगलं तेवढं बोला. ते त्या लेखावर जगताहेत.”

सर उशांना टेकून बसले होते. आवाज घशातून फाटका येत होता. “आणले?”

मी कडी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी भिंग मागितलं. बराच वेळ पाहिलं, नखानं कड चाचपली.

“कुठली?”

“पहिल्या खेपेची. हातात आली आणि गळून पडली.”

“म्हणजे मेले नव्हते.”

“काही मेले असतील. कोणते, ते सांगता येत नाही.”

“कोणाच्या लक्षात आलं?”

“डांगरवाडीच्या मावशीच्या. तिनं एकसष्ट सालीच सांगितलं होतं. मी लिहून घेतलं नाही.”

“का?”

“कडीवर क्रमांक असतो, बोटावर नसतो, म्हणून.”

त्यांनी मान हलवली. कडी जाड धातूची घालायला हवी होती, ही चूक आपली, असं ते म्हणाले. ती मी त्यांना माफ करणार नव्हते, आणि मावशीचं लिहून न घेतल्याची माझी चूक स्वतःलाही नाही. मग त्यांनी लेखाची फाइल उशाशी होती ती माझ्याकडे सरकवली. “हे पाठवायचं नाही. फाडूही नका. वर चूक काय ती लिहून ठेवा.” थोड्या वेळानं म्हणाले, “पहिल्यापासून करावं लागेल.” कोणी करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि वहिनींना खिडकी लावायला सांगितली.

वहिनी मला पायरीपर्यंत सोडायला आल्या. “शेवटचे चार दिवस समाधानात जाऊ दिले असते, तर तुमच्या पाखरांचं काय बिघडलं असतं?”

पाखरांचं काहीच बिघडलं नसतं. मी चपला घातल्या आणि स्टँडवर गेले. सर मे महिन्यात गेले. वहिनींनी मला कळवलं नाही, शाळेच्या संस्थेकडून कळलं. मी पुन्हा त्यांच्या घरी गेले नाही. आज पुन्हा ती वेळ आली तरी मी कडी दाखवीनच, पण वहिनींचं म्हणणं चूक होतं असं मला म्हणता येत नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी यवतमाळ, पुसद करत एस.टी.नं उमरखेडला उतरले, आणि बैलगाडी मिळाली तिच्यातून गावी पोचले. फाइलवर लाल पेन्सिलीनं चूक लिहिली, तारीख घातली, पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेआधी, मी डालं घेऊन बेटावर गेले. मधल्या दोन दिवसांत कुत्र्यांनी उंचवट्यावरची दोन घरटी संपवली होती. खुंट्या पाहून तेवढी लिहिली. मावशीला म्हटलं, वेलांचं काम राहू दे, इथं बस, आणि तुला जी जी पाखरं ओळखू येतात ती कशावरून ओळखतेस ते सांग.

“आता काहून?” ती म्हणाली.

“लिहायचं आहे.”

ती बसली. दुसऱ्यांदा दोरी ओढली तेव्हा वाकड्या बोटाचा पक्षी डाल्यात आला. पायात माझी एकसष्टची कडी होती, तीही झिजायला लागलेली. मी तिच्यावर भरवसा ठेवला नाही. वहीत त्या बोटाचं चित्र काढलं, मावशीनं दाखवलेली चोचीवरची खाच काढली, वयाच्या रकान्यात ‘माहीत नाही’ लिहिलं आणि पक्षी सोडला. मग डालं पुढच्या घरट्यावर नेलं.