नाव वगळून सांगितलेली गोष्ट

आमचे हे बावीस वर्षं पाळक आहेत. नवे उपदेशक यांच्याकडे शिकायला येतात. त्यांना हे सांगतात, एकच मुद्दा धरा, पंचवीस मिनिटांत व्यासपीठावरून खाली उतरा, आणि कुणाच्या घरातलं उदाहरण दिलंत तर नाव वगळा. स्वतःचा उपदेश मात्र शनिवारी दुपारी आधी मला ऐकवतात. मी भाजी निवडता निवडता ऐकते. मला जांभई आली की तेवढा भाग खोडतात.

त्या शनिवारी दोनदा आली.

"अहो, क्षमेवर बोलताय आणि त्यात एक जिवंत माणूस नाही," मी म्हटलं.

मग यांनी एक गोष्ट घातली. एका बाईनं आईशी सहा वर्षं अबोला धरला. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा ती मशीनवर दुसऱ्या कुणाच्या लग्नाचे कपडे शिवत होती. नाव नव्हतं. पण आमच्या मंडळीत कपडे शिवणारी बाई एकच. हे तिच्याकडे प्रार्थनेला गेले होते, तेव्हा तिनं विश्वासानं सांगितलेलं. मी लगेच ओळखलं. तरी मी म्हटलं, "छान आहे, ठेवा." डोळे भरून आले होते ना माझे!

रविवारी मशीनचा उल्लेख आला आणि तिसऱ्या बाकाकडे माना वळल्या. तिनं गीतांचं पुस्तक तोंडासमोर धरलं. आशीर्वादाआधीच उठून गेली.

सोमवारी हे तिच्या दुकानात गेले. सगळ्यांसमोर माफी मागतो म्हणाले.

"नको, पाळकसाहेब. ज्यांना कळलं नाही, त्यांनाही कळेल."

तेव्हापासून हे शिकवतात, नाव वगळून भागत नाही, आधी त्या माणसाला विचारा. चूक माझी होती, असंही सांगतात. मी चहा घेऊन दारात उभी असते. माझ्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

चार रविवार तिची जागा रिकामी. शेवटी मीच गेले.

"ठेवा म्हणणारी मी होते गं. ओळखूनसुद्धा."

तिनं दातानं दोरा तोडला. "वाटलंच मला. पाळकसाहेब तुम्हाला विचारल्याशिवाय मोजेसुद्धा घालत नाहीत."

मला हसू आलं आणि त्याची लाजही वाटली.

"रविवारी येशील?"

"येईन. देवाशी कुठं भांडण आहे माझं? पण पाळकबाई, तुमच्या घरात कुणालाच आता काही सांगायची नाही मी."

घरी आले तर हे दारातच वाट बघत होते. "काय म्हणाली?"

"येईन म्हणाली."

यांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. तिचं पुढचं वाक्य मी अजून यांना सांगितलेलं नाही.