सिंगल बेल, डबल बेल

आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यातच पीएच.डी. केली, आणि आज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यामुळे पुढच्या किश्श्यांत कोण आधी बोललं आणि कोण नंतर, यात घोळ असू शकतो. एका ठिकाणी तर एक की दोन, एवढाच घोळ आहे. त्या घोळानं माझी काही वर्षं खाल्ली. ते शेवटी सांगतो.

बडनेरा रोडवरच्या आमच्या वृद्धनिवासात किस्से घडवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. माणसं रिकामी, कान जड, आणि मरण शेजारच्या खोलीत राहायला आल्यासारखं! त्याच्याविषयी गंभीरपणे तरी किती दिवस बोलणार?

* * *

सुरुवात डॉक्टर मॅडमच्या भाषणानं झाली.

आमचं निवास चालवतात मंगला सिस्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, आवाज असा की झोपेची गोळी घेतलेला माणूसही उठून बसावा. त्यांनी एका दुपारी आम्हाला जेवणाच्या हॉलमध्ये बसवलं आणि शहरातून डॉक्टर मॅडमना बोलावलं. मॅडम फार चांगलं बोलल्या. हृदय बंद पडलं तर छाती दाबतात, नळी घालतात, मशीनवर ठेवतात. कोणी परत येतं, कोणी येत नाही, आपल्या वयात बरगड्याही मोडतात. तुम्हाला हे हवं की नको, ते शुद्धीत असताना ठरवा. तुमच्या वतीनं बोलणारा एक माणूस नेमा. कागद रीतसर करून देऊ.

सगळे ताटाकडे बघत बसले. ताटं रिकामी होती.

मग चांदभाई बोलले. चांदभाई अकोट डेपोचे एस.टी. कंडक्टर, सगळी नोकरी बसच्या दारात उभ्यानं काढलेली.

“मॅडम, येवढं लंबं कायले? सिंगल बेल म्हणजे गाडी थांबवा. डबल बेल म्हणजे जाऊ द्या. बस!”

एका मिनिटात अख्ख्या हॉलला कळलं. मॅडमनी कागद केलेच, पण आमच्या तोंडी बेलच बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर चौकशी सुरू. “तुमची कोन्ती?” “डबल. अन् तुमची?” “माह्यी सिंगल. नातीचं लग्न पाह्याचं हाये अजून.”

माझं काही ठरेना. सोमवारी सिंगल सांगितली, गुरुवारी डबल, रविवारी सिस्टरकडे जाऊन म्हटलं की जरा थांबा. चांदभाईंनी तोडगा काढला. “प्रोफेसर साहब, तुमची गाडी डेपोतच उभी राहू द्या. रूट ठरला का सांगजा.”

* * *

माझ्या शेजारची खाट भाऊरावांची. तिवशाकडचे संत्र्याचे बागायतदार. बायको नागपूरच्या दवाखान्यात महिनाभर मशीनवर होती आणि भाऊरावांना ती काचेतून दिसायची, तेवढंच. त्यामुळे त्यांचं उत्तर तयार होतं. डबल.

तुमच्या वतीनं कोण बोलेल, असं मॅडमनी विचारलं. मुलगा अकोल्याला असतो, त्याचं नाव लिहायला त्यांनी पेनही उघडलं होतं.

“थो रडते,” भाऊराव म्हणाले. “सर बोलतीन.”

सर म्हणजे मी. मी म्हटलं, भाऊराव, भाजीवाल्यापुढे उभा राहिलो तर मला दोन वांग्यांतलं एक निवडता येत नाही. माझ्यावर एवढा भार टाकू नका.

“म्हनूनच,” एवढंच बोलून ते संत्रं सोलायला लागले.

तेव्हापासून माझी झोप उडाली. पक्कं आहे ना, हे मी त्यांना रोज विचारायचो. फिरायला निघताना विचारायचो, परत आल्यावर विचारायचो. मधल्या वेळात माणसाचं मन बदललं तर? एक दिवस ते वाटेतच थांबले. “सर, मले हार्ट अटॅक काई मारत नाई. तुमीच विचारू विचारू माराल.”

* * *

प्रत्येक खाटेजवळ घंटीचं बटण आहे. ठाकरेकाकूंना एकदा कंबर शेकायला गरम पाण्याची पिशवी हवी होती. त्यांनी घंटी वाजवली. कोणी आलं नाही, म्हणून लगेच पुन्हा वाजवली.

दोनदा!

बाहेर व्हरांड्यात बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीतरी देवघरातून गंगाजलाची लोटी आणली, कोणीतरी तुळशीचं पान तोडलं, आणि आम्ही सगळे हळूहळू, चपला काढून, काकूंच्या खोलीत शिरलो. एकानं दारातूनच रामरक्षा सुरू केली होती. मी त्यांच्या मुलीला फोन लावायला घेतला होता.

काकू पलंगावर ताठ बसलेल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, लोटीकडे पाहिलं.

“आता आनलंच हाये तं ते पाणी गरम करून आना,” त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून सिस्टरचा नियम, घंटी एकदाच वाजवायची. काही झालं तरी एकदाच.

* * *

ठरलेलं वेळेवर लक्षात राहावं म्हणून सिस्टरनी खाटांच्या उशाला रिबिनी बांधल्या. डबलवाल्यांना पांढरी, सिंगलवाल्यांना हिरवी. व्यवस्था उत्तम. फक्त ती केली फेब्रुवारीत.

मे महिन्यात आमच्याकडे माणूस स्वतःच्या खाटेवर झोपत नाही, कूलरसमोर झोपतो. जेवण झालं की जो आधी पोचेल त्याची जागा. एका दुपारी चांदभाई भाऊरावांच्या खाटेवर आडवे झाले, कारण कूलरचा झोत नेमका तिथं येतो. चांदभाईंना साखरेचा आजार, त्यात जागा धरायच्या घाईत गोळी घेऊन जेवले नव्हते. थोड्या वेळानं ते हाकेला ओ देईनात. अंगाला घाम.

कामावरची नवी मावशी आली. तिनं उशाची पांढरी रिबीन पाहिली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून पायथ्याशी बसली. मी विचारलं तर म्हणाली, “डबल हाये ना. जाऊ द्या बिचाऱ्याले शांतीनं.”

मी भिंतीवरची घंटी दाबली. एकदाच, नियमाप्रमाणे. सिस्टर धावत आल्या, बोट टोचून साखर पाहिली, शिरेतून ग्लुकोज दिलं. दहा-पंधरा मिनिटांत चांदभाईंनी डोळे उघडले. पायथ्याशी हात जोडलेली मावशी, उशाशी पांढरी रिबीन.

“अरे, माह्यी सिंगल हाये ना!”

सिस्टरनी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना उभं करून झापलं. डबल म्हणजे हृदय थांबल्यावर पुन्हा सुरू करायचं नाही, एवढंच. साखर उतरली, ताप आला, पाय मोडला, तर इलाज करायचाच. डबल म्हणजे माणूस सोडून दिला असं नव्हे. समजलं का? आम्ही शाळकरी पोरांसारखे हो म्हणालो. रिबिनी खाटेवरून निघाल्या आणि मनगटावर आल्या.

भाऊरावांचं दुःख वेगळंच होतं. “मरायलेही माह्यीच खाट भेटली तुले?”

* * *

हिवाळ्यात निवासाच्या मागच्या मोकळ्या जागेत रोडग्यांचा बेत असतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वरून तूप. पथ्य त्या दिवशी कोणी पाळत नाही, सिस्टरसुद्धा.

भाऊराव दुसऱ्या रोडग्यावर होते. बोलता बोलता थांबले. हात गळ्याकडे गेला, डोळे मोठे झाले, आवाज बंद.

आणि पंगतीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उभा राहिलो. त्यांच्या मनगटावरची पांढरी रिबीन मला लखलखीत दिसत होती. सिस्टर स्वयंपाकघरात. डोक्यात मॅडमचं भाषण, सिस्टरचं झापणं, भाऊरावांचं “म्हनूनच”, सगळं एकदम. रोडगा अडकला आहे, हृदय थांबलेलं नाही. पण मी चुकत असलो तर? हे मी मनातल्या मनात किती वेळ तपासून पाहिलं असतं कोण जाणे, पण तोंड आपोआप उघडलं.

“छाती दाबू नका म्हणालेत! पाठीचं काही बोलले नाहीत!”

चांदभाईंनी त्यांना पुढे वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मधोमध असे दणके दिले की जणू अडकलेलं बसचं दार उघडताहेत. चौथ्या की पाचव्या दणक्याला रोडग्याचा तुकडा निघाला आणि ठाकरेकाकूंच्या वरणात पडला.

भाऊराव बराच वेळ श्वास घेत बसले. मग म्हणाले, “रोडगा कच्चा होता.”

माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. त्यांनी शेजारच्या खाटेवरून ते पाहिलं. “पास झाले, सर,” म्हणाले आणि कूस बदलली.

* * *

पण ती पूर्वपरीक्षा होती.

खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्याआधी आली, दुपारच्या चहाच्या वेळेला. आम्ही तिघं व्हरांड्यात होतो. भाऊराव, मी आणि चांदभाई. भाऊरावांनी कप खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि खुर्चीतून घसरले. आम्ही त्यांना सतरंजीवर निजवलं. सिस्टर आल्या, गुडघ्यावर बसून नाडी पाहू लागल्या. भाऊरावांना शुद्ध होती, डोळे उघडे होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटांनी माझा तळहात दाबला.

मग डोळे तसेच राहिले आणि बोटं सैल पडली.

चौकीदारानं आधीच अँब्युलन्स बोलावली होती. तरुण डॉक्टर पिशवी घेऊन धावत आला, गळ्याला बोटं लावली, आणि दोन्ही हात छातीवर ठेवून म्हणाला, “सुरू करतो. बाजूला व्हा.”

सिस्टरनी त्याचं मनगट धरलं आणि भाऊरावांच्या मनगटावरची रिबीन दाखवली. कागद आत आहे, आणते, पण यांच्या वतीनं बोलणारे हे आहेत. सगळे पुन्हा माझ्याकडे बघत होते.

“नको,” मी म्हणालो.

आवाज वर्गात निघायचा तसा निघाला. डॉक्टरनं हात काढून घेतले. संध्याकाळपर्यंत अकोल्याहून मुलगा आला, खूप रडला, आणि माझ्या पाया पडून म्हणाला की काका, हे माझ्याकडून झालं नसतं.

सगळं बरोबर झालं होतं. सगळे तसंच म्हणत होते.

फक्त तो तळहात. भाऊरावांनी तो दोनदा दाबला होता. त्या क्षणी मला शंका नव्हती. रात्र होईपर्यंत वाटायला लागलं की एकदाच दाबला असावा, दुसरी माझ्याच हाताची थरथर. आणि एकदा म्हणजे? शेवटच्या क्षणी त्यांना थांबावंसं वाटलं होतं का? निरीक्षणं दोन, निरीक्षक एक, आणि त्याचा हात थरथरणारा. असा डेटा घेऊन एखादा विद्यार्थी आला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं.

विचारण्यासारखा एकच माणूस होता, चांदभाई. माझ्या शेजारीच उभे होते. पण ते “एक” म्हणाले तर? विचारू विचारू म्हणता म्हणता त्यांचा मुलगा त्यांना अकोटला घेऊन गेला. नंबर माझ्याकडे होता. कितीदा काढला आणि कितीदा ठेवून दिला.

* * *

गेल्या हिवाळ्यात अकोल्याला भाचीकडे गेलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला काही न सांगता स्टँडवर गेलो आणि अकोटच्या बसमध्ये बसलो. बेल वाजली की दचकायचो. सिंगल, गाडी थांबायची. डबल, गाडी सुटायची. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं.

चांदभाई अंगणात बाजेवर ऊन खात बसले होते. निम्मे झालेत, पण ओळखलं लगेच. “आओ प्रोफेसर साहब. रूट ठरला का?”

नाही, म्हटलं. सुनेनं चहा आणला. ठाकरेकाकूंची चौकशी झाली, सिस्टरच्या आवाजाची झाली, नव्या कूलरची झाली. चहा संपला. मग मी कपाकडे बघत विचारलं.

त्यांनी माझ्या हातातला कप काढून बाजेखाली ठेवला.

“येवढे वर्ष हेच घेऊन फिरून राह्यले तुमी?”

मी मान हलवली.

“तुमचा हात खाली होता, त्याचा वर. तुमी त्याच्या डोयाकडे पाहून राह्यले होते. मी बोटाकडे पाहून राह्यलो होतो.” त्यांनी माझा तळहात ओढून बाजेवर उताणा ठेवला आणि आपल्या हडकुळ्या बोटांनी दाबला. दोनदा. “दोन होत्या. साफ. अन् मले सांगा, तुमी एकटेच होते काय तिथं? त्यानं सिंगल मारली असती, तं मी गाडी जाऊ देली असती काय?”