डेल्फियानं मोडलेलं कुंपण

डेल्फिया स्ट्राउड हट्टी आहे, असं मिझूरी राज्यातल्या आमच्या डोंगरपट्ट्यात सगळेच म्हणतात. खोटं कशाला बोला, आहेच ती हट्टी. पण तिच्या लेकानं ट्रॅक्टरची किल्ली परस्पर खिशात घातली तेव्हा हट्ट कुणाचा होता, ते सांगा आधी!

झालं होतं एवढंच. नवरा गेल्यापासून बाई एकटी शेत बघते. वय शहात्तर. दर जूनला जुन्या ट्रॅक्टरमागे कटर जोडते आणि मागचं कुरण साफ करते. कटर म्हणजे टेबलाएवढा पत्रा आणि त्याखाली गरगर फिरणारं जाडजूड पातं. दोन-तीन वर्षं कुरणावर हा कटर फिरला नाही, की ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या आणि सीडरची रोपं माजून त्याचं जंगल होतं. त्या जूनला ती कुरण कापत असताना गवतात अंड्यांवर बसलेली रानटर्की फडफडत थेट चाकापुढे उठली. डेल्फियानं दचकून क्लच दाबला. आता या जुन्या ट्रॅक्टरांची खोड अशी, की क्लच दाबला तरी मागचं पातं आपल्या जोरात फिरतच राहतं आणि ट्रॅक्टरलाच पुढे रेटतं. आधी गिअर काढावा लागतो. तिला हे सगळं ठाऊक, पण घाईत राहून गेलं. टर्की वाचली, शेजाऱ्याचं कुंपण मात्र आडवं झालं.

लेक रँडल शहरातून धावत आला. "आई, बस झालं आता. वय झालं तुझं," म्हणाला. किल्ली काढून घेतली आणि ट्रॅक्टर विकायला शनिवारचं गिऱ्हाईकही ठरवून मोकळा झाला. तिला विचारलं का? नाव नको!

डेल्फियाच्या अंगाचा तिळपापड झाला. ट्रॅक्टर गेला की कुरण गेलं, आणि कुरण गेलं की ती नुसती खिडकीत बसवायची म्हातारी उरणार. शनिवारी न्याहारीची भांडी तशीच टाकून ती शेडमध्ये गेली, किल्लीच्या जागी स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि फिरवला. जुनं धूड खोकलं, धूर ओकलं आणि सुरू झालं.

रँडल गिऱ्हाइकाला घेऊन आला तोवर अर्धं कुरण कापून झालं होतं. तो हात हलवत धावला. तिनं गिअर काढला, पातं थांबू दिलं आणि मग वळून बघितलं.

"वेड लागलंय का तुला? मेली असतीस त्या दिवशी!"

"मेले नाही ना? कुंपण मोडलं. शेजाऱ्याचे खांब मी माझ्या हातानं रोवून दिलेत."

"तुला आता जमत नाही, आई. एवढं मान्य करायला काय जातंय?"

"तुझ्या बापानं हाच ट्रॅक्टर, ह्याच चुकीनं, तळ्यात घातला होता. एकदा नाही, दोनदा! आणि तेव्हा तोही काही तरणाताठा नव्हता. काय केलंत रे तुम्ही पोरांनी तेव्हा?"

रँडल बुटाच्या टोकानं गवत उकरायला लागला.

"बोल की! पोट धरधरून हसलात. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवताना तोच किस्सा, मीठमसाला लावून. त्याची किल्ली काढलीस कधी? तो पडला की गंमत, आणि मी पडले की म्हातारपण होय रे?"

मागे उभ्या गिऱ्हाइकानं टोपी काढून डोकं खाजवलं. "काकू, मग हा विकायचाय की नाही?"

"नाही! आणि दोघंही लांब व्हा, हे पातं दगड उडवतं."

दोघे लांब झाले. गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं. रँडल दुपारपर्यंत फाटकापाशी उभा राहिला आणि तिनं उरलेलं कुरण त्याच्यासमोर, नाकावर टिच्चून कापलं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला सगळं गोत जेवायला जमलं. ताटं वाढून झाली तशी डेल्फियानं कुंपणाची गोष्ट स्वतःच सांगायला घेतली. टर्की कशी उडाली, आपण कशा किंचाळलो, खांब कसे कडाकड मोडले, सगळं हातवारे करून सांगितलं. कुणी हसेना. सुना ताटात बघायला लागल्या. रँडल पाणी प्यायला लागला.

डेल्फियानं टेबलावर मूठ आपटली. "हसा की मेल्यांनो! बापाला हसलात ना? तसंच मला हसा!"