पक्केसरांचा पाठ

मुलं त्यांना पक्केसर म्हणायची. पाठीमागे, अर्थात. "झालं पाठ? पक्कं झालं?" असं दिवसातून शंभरदा विचारणाऱ्या माणसाला दुसरं नाव मिळणार तरी कुठून? शिशुवर्गापासून आठवीपर्यंतची ती छोटी खासगी इस्लामी शाळा. गणित, विज्ञान सगळं होतं, पण सकाळचा पहिला तास कुराणाचा. ज्यांना अख्खं कुराण तोंडपाठ करायचं होतं ती सव्वीस मुलं सरांकडे. सरांना स्वतःला ते बाराव्या वर्षापासून मुखोद्गत.

आता ही विद्या मोठी लहरी. रोज कुणाला तरी म्हणून दाखवली नाही की हातची सुटते. मनातल्या मनात म्हणून भागत नाही, कारण मन आपल्याच चुकांना मान डोलावतं. पुस्तक उघडून समोर बसणारं माणूस हवं. सरांकडे ते एकतीस वर्षं होतं. बायको समोर कुराण घेऊन बसायची, ओळीवरून बोट फिरवायची आणि चूक झाली की "अहो, मागे या" म्हणायची. भांडण झालेलं असलं तरी बसायची. त्या दिवशी जरा जास्तच चुका काढायची.

मग परदेशात मुलीला बाळ झालं. बायको तीन महिन्यांसाठी गेली आणि तीन महिन्यांची तीन वर्षं झाली. दुसरं बाळ आलं, मुलीला नोकरी लागली. "कसं चाललंय?" विचारलं की सर "मजेत" म्हणायचे. दोन खोल्या, एक ताट आणि रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून म्हटलेला पाठ. मजाच मजा.

कुराणात काही ओळी दोन ठिकाणी जवळपास सारख्या येतात. तिथे भान सुटलं की माणूस एका अध्यायातून निघतो आणि दुसऱ्याच अध्यायात पोचतो, पत्ताही लागत नाही. मुलं हमखास तिथे घसरतात. समोर सर बसलेले असतात ते त्यासाठीच.

त्या सोमवारी सहावीतली एक मुलगी घसरली. सर डोळे मिटून मान डोलावत होते. ती भलत्याच अध्यायात निघाली आणि सरही तिच्यासोबत निघाले. पानभर गेल्यावर वर्गात चुळबुळ झाली. पहिल्या रांगेतली चष्मेवाली पानावर बोट ठेवून म्हणाली, "सर, ही म्हणतेय ते इथे नाहीच आहे."

चूक पोरीची होती, पण सरांना ती कळलीच नव्हती.

दुपारी घरी येताच त्यांनी बायकोला फोन लावला. "जरा ऐकतेस का? एकच पान."

"म्हणा की," ती म्हणाली. मागे भांडी वाजत होती, नातू रडत होता.

सर तेच पान म्हणू लागले. त्या वळणावर त्यांनी मुद्दाम चुकीची वाट धरली. आता अडवेल, आता अडवेल म्हणता म्हणता पान संपलं.

"छान झालं हो," ती दुरून म्हणाली. "एकही चूक नाही."

"जेवलीस का?"

"अहो, इथे सकाळचे आठ वाजलेत."

सरांना राग आला नाही. कडेवर पोर घेऊन ती पुस्तक कशी उघडणार? पण फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांनी पायातले बूटही काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ते मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. पाठांतराचा वर्ग शाळेत नव्याने आलेल्या धाकट्या सरांना द्या, मी शिशुवर्गाला अक्षरं शिकवतो, म्हणाले. बाईंनी कारण विचारलं, तर "वय झालं आता" म्हणून वेळ मारून नेली. मुलांपुढे मात्र त्यांना थाप मारता येईना.

"मी विसरायला लागलोय," ते वर्गाला म्हणाले. "तुमच्या चुका मला कळत नाहीत. उद्यापासून धाकटे सर येतील."

चष्मेवालीने हात वर केला.

"पण सर, रोज कुणाला तरी म्हणून दाखवलं की विसरलेलं परत येतं ना? तुमचं घरी कोण ऐकतं?"

सव्वीस पोरं उत्तराची वाट बघत होती.

"कोणी नाही," सर म्हणाले. तीन वर्षांत हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.