दिव्याभोवतीचं खळं

हिवाळ्यात शाळेतून घरी येईपर्यंत अंधार पडतो. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली, तेव्हा मी आधी चष्मा पुसला, मग हेल्मेटची काच पुसली. कडी जाईनात. शेवटी स्कूटी घरी ठेवली, बसने जाऊ लागले आणि कुणाला काही बोलले नाही. माझ्या आईची नजर काचबिंदूने गेली होती. तिलाही आधी अशीच कडी दिसायची. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

मोठ्या जाऊबाईंनी विचारलंच, "गाडी काऊन नेत नाहीस?"

सांगितलं.

"अवं, चंद्राले पडते तसं खळं दिव्याले पडते? मंग पाऊस येणार. तूर झाका लागीन."

थट्टा केली, पण मला रजा टाकायला लावून दुसऱ्याच दिवशी त्या मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जालन्याला घेऊन निघाल्या.

बसमध्ये मी मोबाइलवर या आजाराबद्दल वाचत होते. जिथे तिथे त्या कड्यांना एकच शब्द, हॅलो. मी इंग्रजी शिकवते. आपल्या घरातल्या बुद्धांच्या तसबिरीत मस्तकामागे तेजाचं वलय असतं ना, तो हॅलो, एवढंच मी मुलांना सांगत आले. शब्द आला कुठून, ते कधी पाहिलं नव्हतं. आजाराबद्दल पुढे वाचवेना, म्हणून तेच शोधलं.

शब्द मूळचा ग्रीक. धान्य मळायची जागा, बैल गोल फिरतात ती. त्या गोलावरून सूर्यचंद्राच्या बिंबाला तो शब्द लागला आणि पुढे बिंबाभोवतीच्या उजेडाच्या कड्याला. म्हणजे आपलं खळंच. आपणही ज्वारी मळायच्या जागेला खळं म्हणतो आणि चंद्राभोवतीच्या कड्यालाही. मी जाऊबाईंना वाचून दाखवलं.

"म्हंजे त्याइच्याकडंही बैल होते?"

"होते."

"अन् चंद्र?"

"तोही होता."

"मंग त्यात नवल काय वं?" म्हणून त्यांनी खिडकीला डोकं टेकलं. मला मात्र बरं वाटलं. जालना येईपर्यंत मी आईऐवजी बैलांचा विचार करत होते.

दवाखान्यात डोळ्यांत थेंब टाकले, डोळ्यांचा दाब मोजला, मागची नस तपासली. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी सगळे आकडे कागदावर लिहून घेतले. मी पर्सचा बंद पिळत बसले.

"काचबिंदू नाही," त्या म्हणाल्या. "दाब ठीक आहे, नसही चांगली आहे. मोतीबिंदूची सुरुवात आहे. वाढला की काढू. तोवर अंधारात गाडी चालवू नका आणि दर वर्षी दाब तपासून घ्या. आईंना होता, विसरू नका."

"काचंपेक्षा मोती बरा," जाऊबाई म्हणाल्या.

बाहेर आलो, तर थेंबांमुळे ऊन डोळ्यांत घुसत होतं. मला एकदम भूक लागली. बसस्टँडवर जाऊबाईंनी गरम भजी घेतली. जवळचं काहीच धड दिसत नव्हतं, त्यामुळे भजं समजून मी अख्खी तळलेली मिरची चावली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आता काऊन रडतं वं? चांगलं सांगलं ना बाईनं!"

मी हातानेच पाण्याची बाटली मागितली.