तोंड वर काढणारे रायपूरचे मासे

“तलाव असा सजवला आहे, मासे स्वतः वर येऊन पाहुण्यांचं स्वागत करतात!” भाऊजी फोनवर किती दिवस हेच ऐकवत होते. ताईचे यजमान रायपुरात सरकारी इंजिनिअर आहेत, आणि ही सजावट त्यांच्याच देखरेखीखाली झालेली. शेवटी एका शुक्रवारी नागपूरहून दुपारची गाडी पकडली. रायपूर स्टेशनातून गुढियारीच्या बाजूला बाहेर पडू नका, मालाच्या ट्रकांत अडकाल. चौबे कॉलनीतल्या ताईच्या घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता.

शनिवारी सकाळी ताईने गरमागरम फरे केले, तांदळाचे, वाफवलेले, सोबत टमाट्याची चटणी. रायपूरला याल तर हे चुकवू नका. तलाव खुशाल चुकवा.

राजधानी झाल्यापासून या शहराला ग्रॅनाइटचा आजार जडला आहे. भाऊजी आम्हाला तलावावर घेऊन गेले, तर पायऱ्या ग्रॅनाइटच्या, बाकं ग्रॅनाइटची, मध्ये सेल्फीसाठी कमान. पाण्याला मात्र गंजलेल्या बादलीचा वास. काठाशी शेकडो मासे तोंड वर काढून उघडझाप करत होते आणि लोक कौतुकाने मुरमुरे फेकत होते.

“दीदी, मुर्रा ले लो, मछरी मन बुलावत हें,” मुरमुरे विकणारी म्हणाली. मासे बोलावताहेत म्हणे.

“भूख नहीं है मावशी, दम घुट रहा है इनका,” ऋचा मला म्हणाली. ही ताईची लेक, माझी भाची, प्राणिशास्त्रात पीएचडी करते. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. काठाला लागलेला एक मेलेला मासा उचलून तिने कल्ल्यावरचं झाकण उघडलं. आत लालभडक असायला हवं. होतं फिकट, चिकट, शेंबडासारखं. कारखान्यांचा नाला याच तलावात उतरतो. त्यातल्या शिशाने, कॅडमियमने कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या सुजून एकमेकींना चिकटतात आणि पाण्यात असलेला प्राणवायूही रक्तात जात नाही.

तलावातल्या मासेमारीचा ठेकेदार हेच मासे दर रविवारी आजूबाजूच्या पाऱ्यांत, म्हणजे वस्त्यांत, विकतो. म्हणून ऋचाची वडिलांकडे एकच मागणी होती: मासे खाऊ नका, असा बोर्ड लावा.

“काहून लोकाइले भेव दाखवून राहिली?” भाऊजी हसले. “दोन फवारे वाढवतो, हवा भेटंल त्याइले.”

“पापा, हवा तो है. लेने वाली चीज़ ही ख़राब है.”

भाऊजींनी मला कमानीखाली उभं करून फोटो काढला. अशा माणसांचा आत्मविश्वास पाहून थक्क व्हायला होतं.

रविवारी ठेकेदाराने घरी दोन जाडजूड रोहू पाठवले. ताईने कढई चढवली, तेवढ्यात भाऊजी स्वयंपाकघरात आले.

“हे नको बनवू. कामवाल्या बाईले देऊन टाक, तिचे पोट्टे खातीन.”

ताईने गॅस बंद केला. मला इतका संताप आला की जावई-मान वगैरे सगळं विसरले.

“म्हणजे तुमाले सारं माहीत आहे, भाऊजी!”

त्यांनी बाहेर जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला. ऋचाने मासे उचलले आणि कुंपणापाशी खड्डा खणायला घेतला.

नागपूरला परतल्यावर बरेच दिवस सरले. फऱ्यांची चव जिभेवर आहे, पण त्या स्वयंपाकघराची आठवण आली की अजून चीड येते. परवा ऋचाचा फोन आला. “मावशी, पापा ने बोर्ड लगवा दिया.” मी खुशीत फोटो मागवला. चकचकीत, ग्रॅनाइटच्या चौकटीतला बोर्ड: ‘तालाब हमारा है, पानी में न थूकें.’

बोर्डाला टेकून ठेकेदाराचा माणूस मासे तोलत होता.